पोटासाठी लिहिलेलं जपायचं की नाही?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि जपणुकीची भाषा सगळीकडे सुरू झाली. ताम्रपट, शिलालेख, बखरी, संतांची हस्तलिखितं यांच्या जतनाविषयी बोललं जाऊ लागलं. ते व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण याच भाषेत गेल्या शतकात माणसं रात्री कंदिलापाशी, लोकलच्या डब्यात आणि गिरणीच्या पाळीला जाता-येता जे खरोखर वाचत होती, त्या रहस्यकथा आणि साहसकथा जपण्याबद्दल कुठल्याही व्यासपीठावर चकार शब्द निघत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढे जातो. त्यांतल्या निवडक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या मधूनमधून निघतात. बाकी शेकडो पुस्तकांसाठी रद्दीवाला किंवा एखादा हौशी संग्राहक गाठावा लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पोटासाठी, घाईघाईत, शब्दांच्या हिशेबाने लिहिलेलं लोकप्रिय साहित्य सांभाळणं ही सार्वजनिक ग्रंथालयांची जबाबदारी आहे. ते चांगलं की वाईट, हा प्रश्न जपणुकीच्या आधी विचारायचाच नसतो. असं का, हे मला एका अमेरिकन लेखकाच्या आयुष्याकडे पाहून पटलं, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

फ्रेडरिक फाउस्टचा जन्म १८९२ चा, सिएटलचा. लहानपणीच आईबाप गेले. कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्यात शेतांवर आणि गुरांच्या वाड्यांवर मिळेल ते काम करत तो वाढला. पुढे बर्कलेच्या विद्यापीठात पोचला. तिथे त्याने विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांतून भरपूर लिहिलं, विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वैर ओढवून घेतलं आणि १९१५ मध्ये पदवीविनाच बाहेर पडला. त्याला व्हायचं होतं कवी. होमर, दान्ते, शेक्सपिअर यांच्या पंगतीत बसायचं, याखालची महत्त्वाकांक्षा त्याला ठाऊकच नव्हती.

न्यूयॉर्कला आल्यावर कवितेवर पोट भरेना. तेव्हा तिथे पल्प मासिकांचा जोर होता. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ मध्ये आपलं ‘आर्गसी’ हे मासिक लाकडाच्या लगद्याच्या सर्वांत स्वस्त कागदावर छापायला घेतलं. पानं भरपूर, चित्रं नाहीत, नुसत्या गोष्टी, किंमत दहा सेंट. गुळगुळीत कागदावरची मासिकं ज्यांना परवडत नव्हती, त्या कामगार, कारकून आणि शाळकरी पोरांना वाचायला मिळालं आणि धंदा तुफान चालला. मन्सीच्याच संस्थेतले संपादक बॉब डेव्हिस यांच्याकडे फाउस्ट गेला. डेव्हिसनी त्याला एक कथाबीज सांगून कागद आणि टाइपरायटर असलेल्या खोलीत बसवलं आणि त्याच दिवशी तो पूर्ण कथा घेऊन बाहेर आला, असं सांगतात. त्यात मीठमसाला किती हे सोडून देऊ. १९१७ पासून त्याच्या कथा छापून येऊ लागल्या हे मात्र नक्की. महायुद्धाचे दिवस होते, जर्मन वळणाचं आडनाव अडचणीचं होतं, म्हणून नाव घेतलं मॅक्स ब्रँड. या टोपणनावाला फाउस्टची दुसरीही एक गरज होती: आपलं खरं नाव त्याला फक्त कवितेसाठी राखून ठेवायचं होतं.

पुढच्या सत्तावीस वर्षांत त्याने जे लिहिलं त्याचा अंदाज अडीच ते तीन कोटी शब्दांचा आहे. कमीत कमी अंदाज धरला तरी वर्षाला नऊ लाखांवर शब्द होतात, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज अडीच हजार. साठ हजार शब्दांची एक कादंबरी धरली तर चारशेहून अधिक कादंबऱ्या. रोज चौदा पानं टाइप करायची हा त्याचा शिरस्ता होता. जॉर्ज ओवेन बॅक्स्टर, डेव्हिड मॅनिंग, इव्हान इव्हान्स, जॉर्ज चॅलिस अशी वीसेक नावं त्याने वापरली. ‘वेस्टर्न स्टोरी मॅगझिन’च्या एकाच अंकात तीन वेगवेगळ्या नावांनी तोच असायचा आणि वाचक तिघांना तीन लेखक समजून आपापला आवडता निवडायचे. पल्प मासिकांचा सर्वसाधारण दर शब्दाला एक सेंटच्या आसपास असताना त्याला पाच सेंट मिळत होते. साठ हजार शब्दांच्या एका मालिकेचे तीन हजार डॉलर. त्या पैशांवर तो फ्लॉरेन्सजवळ एका व्हिलात राहिला, ग्रीक शिकला, मित्रांना वाटेल तेवढे पैसे दिले आणि कायम कर्जात राहिला.

त्याच्या दिवसाचं एक चित्र मला फार महत्त्वाचं वाटतं. कविता तो हाताने लिहायचा. एकेक ओळ घासायची, पुसायची, पुन्हा लिहायची, दिवसभरात चार-दोन ओळी धड झाल्या तर समाधान मानायचं. मग तोच माणूस टाइपरायटरसमोर बसून चौदा पानं मागे वळून न बघता बडवायचा. पहिल्या कामाला तो साहित्य म्हणायचा. दुसरं त्याच्या लेखी मजुरी होती, आणि ती मजुरी कोण करतं हे त्याने वाचकांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. त्याच्या हयातीत कवितांची दोन पुस्तकं निघाली, १९२२ मध्ये एक आणि १९३१ मध्ये दुसरं. आज ती कोणी वाचत नाही. जी वाचली जातात, जी पुन्हा पुन्हा छापली जातात, ती त्या चौदा पानांच्या टाइपरायटरवरून उतरलेली आहेत.

हे नुसतं नशीब नव्हतं, हे त्याची पानं वाचताना कळतं. १९१८ ची ‘द अनटेम्ड’ घ्या. नायक डॅन बॅरी वाळवंटातून शीळ घालत फिरतो. सोबत सेटन नावाचा काळा घोडा आणि लांडग्यासारखा एक कुत्रा. रागावला की या माणसाच्या डोळ्यांत पिवळी चमक येते. प्रेम करणारी बाई घरात वाट पाहत असते, पण आकाशातून रानहंसांचा थवा दक्षिणेकडे जाताना दिसला की हा सगळं सोडून त्यांच्या मागे निघतो. असला गुराखी अमेरिकेच्या पश्चिमेत कधी झालाच नाही. तो ग्रीक पुराणातला रानावनांचा देव पॅन आहे. १९२० च्या दशकातल्या एका मालिकेत तर फाउस्टने थेट इलियडचा सांगाडा उचलला आणि त्यावर पिस्तुलं लटकवली. त्याच्या कथांतला पश्चिम प्रदेश कुठल्याच नकाशावर सापडत नाही. नद्यांना नावं नाहीत, गावांना इतिहास नाही, नुसतं डोंगर आणि वाळवंट. खऱ्या पश्चिमेत त्याने हाडं झिजवली होती आणि त्या आयुष्याबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं. पण लहानपणापासून पाठ केलेली महाकाव्यं त्याच्या बोटांत होती. मागे वळून दुरुस्त करायला वेळ नसला की माणसाच्या हातून तेच बाहेर येतं जे आत खोल मुरलेलं आहे. कवितेत तो महाकवींची नक्कल करत राहिला. घाईने लिहिलेल्या गद्यात त्याला नकलेला वेळच मिळाला नाही, आणि महाकाव्याचा श्वास तिथे उतरला.

१९३० च्या ‘डेस्ट्री राइड्स अगेन’मध्ये न केलेल्या दरोड्यासाठी डेस्ट्रीला तुरुंगात जावं लागतं. शिक्षा भोगून तो परत येतो तो खांदे पाडून, भित्र्यासारखा वावरत. ज्या बारा पंचांनी त्याला दोषी ठरवलं ते निर्धास्त होतात आणि मग एकेकाची पाळी येते. सूडकथा म्हणून ही बांधीव आहेच, पण तिचा खरा विषय आहे तो बरोबरीचा. हे बाराजण माझ्या बरोबरीचे नाहीत, या घमेंडीने डेस्ट्री सुरुवात करतो आणि शेवटाला त्याला कळतं की दुसऱ्या माणसांत आपण पाहिली त्याहून जास्त योग्यता होती. १९३९ चा जेम्स स्टुअर्ट आणि मार्लीन डीट्रिश यांचा गाजलेला चित्रपट याच पुस्तकाच्या नावाचा आहे, पण त्यात नावापलीकडे फारसं काही उरलेलं नाही. डॉक्टर किल्डेअर हे पात्रही फाउस्टचंच. १९३६ मध्ये एका कथेतून ते आलं, मग चित्रपटांची मालिका निघाली, आणि १९६१ ते १९६६ या काळात दूरचित्रवाणीवर रिचर्ड चेंबरलिनने ते घरोघर पोचवलं. इस्पितळातला तरुण आदर्शवादी डॉक्टर आणि त्याला रागावणारा म्हातारा गुरू, ही आज कुठल्याही मालिकेत दिसणारी जोडी लोकप्रिय करण्यात या शब्दाच्या मजुराचा मोठा वाटा आहे.

त्याचा शेवटही सांगायला हवा. हृदय अधू. पहिल्या महायुद्धात आघाडीवर जायची धडपड वाया गेली होती. दुसऱ्या महायुद्धात वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ‘हार्पर्स’ मासिकाचा वार्ताहर म्हणून तो इटलीत गेला, पायदळाच्या एका तुकडीसोबत राहून तिच्यावर पुस्तक लिहायचं म्हणून. ११ मे १९४४ च्या रात्री सांता मारिया इन्फान्ते या गावावरच्या हल्ल्यात तो पहिल्या फळीबरोबर गेला आणि तोफगोळ्याचा तुकडा लागून मेला.

आता प्रश्नाकडे येतो. फाउस्टला स्वतःला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं: कविता ठेवा, बाकीचं टाकून द्या. त्याच्या काळातल्या समीक्षकांनी आणि ग्रंथपालांनीही तेच सांगितलं असतं. तिघेही चुकले असते. लेखक स्वतःच्या लेखनाचा वाईट न्यायाधीश असू शकतो, समकालीन तर बहुतेक वेळा असतातच. म्हणून निवाडा नंतरच्या पिढ्यांवर सोडावा लागतो, आणि नंतरच्या पिढ्यांना निवाडा करायचा तर पुरावा शिल्लक राहावा लागतो. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया एवढाच आहे.

फाउस्टच्या बाबतीत पुरावा राहिला. त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या अनेक पुस्तकांत संपादकांनी हवी तशी कापाकापी केली होती. पुढे मूळ हस्तलिखितं आणि मासिकांतल्या प्रती ताडून शुद्ध आवृत्त्या निघाल्या, नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यातल्या काही काढल्या. ज्या बर्कलेने त्याला पदवी नाकारली, त्याच बर्कलेच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आज त्याची कागदपत्रं सांभाळलेली आहेत. ‘डॉक सॅव्हेज’ या साहसी मासिकाचीही अशीच गोष्ट. १९३३ ते १९४९ या काळात त्याचे १८१ अंक निघाले, जवळपास सगळे केनेथ रोबेसन या नावाने. हे नाव प्रकाशन संस्थेच्या मालकीचं होतं, असा माणूसच नव्हता. बहुतेक कादंबऱ्या मिसुरीच्या लेस्टर डेंट यांनी लिहिल्या होत्या. हे आज छातीठोकपणे सांगता येतं, कारण डेंट यांची कागदपत्रं मिसुरीत आणि स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशन संस्थेचं दप्तर सिरॅक्यूज विद्यापीठात जपलेलं आहे. दप्तर नसतं तर डेंट यांची सोळा वर्षांची मेहनत एका खोट्या नावाखाली कायमची गाडली गेली असती.

आपल्याकडे लोकप्रिय कथांच्या प्रकाशकांची दप्तरं कोणी मागितली? कुणी किती मानधन घेतलं, हक्क कायमचे विकले की एका आवृत्तीपुरते, कुठल्या टोपणनावामागे कोण होतं, एका कादंबरीच्या किती प्रती निघत, हे सांगणाऱ्या वह्या दुकानं बंद होताना वजनावर गेल्या तर मराठी वाचनाचा अर्धा इतिहास त्यांच्याबरोबर जातो. विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी हे काम आजच हाती घ्यायला हवं. त्या धंद्यातली जुनी माणसं अजून काही ठिकाणी आहेत, त्यांच्या मुलाखतीसुद्धा घेता येतील.

याला होणारे विरोध मला माहीत आहेत आणि त्यातले दोन गंभीर आहेत. पहिला: यातलं बरंचसं लेखन खरोखरच सुमार आहे. मान्य. फाउस्टच्या तीन कोटी शब्दांत त्याच त्या पाठलागांची, त्याच त्या ऐनवेळच्या गौप्यस्फोटांची रेलचेल आहे. शब्दाला पैसे मिळतात तेव्हा पाच शब्दांत होणारं काम पंधरांत होतं. पण ग्रंथालय हे पारितोषिक समिती नव्हे. सुमार कवितासंग्रह आणि कंटाळवाणी चरित्रं आपण निमूटपणे कपाटात ठेवतोच की. तिथे गुणवत्तेची अट नाही, मग ती रहस्यकथेलाच का?

दुसरा विरोध मला जास्त बोचतो. या कथांत विष आहे. अमेरिकन पल्पमध्ये चिनी माणूस कपटी, मेक्सिकन आळशी किंवा दगाबाज, आदिवासी क्रूर, काळा माणूस हास्यास्पद. आपल्या लोकप्रिय कथांतही बाई, जात, धर्म यांच्याबद्दलचे साचे आहेत आणि ते वाचताना संताप येतो. असलं साहित्य पुढच्या पिढीला कशाला द्यायचं, असा प्रश्न मनापासून विचारणारे लोक आहेत. माझं उत्तर असं की समाजाने काय मिटक्या मारत वाचलं, हे लपवल्याने समाज स्वच्छ होत नाही. अग्रलेखांत आणि अध्यक्षीय भाषणांत माणसं जपून बोलतात. दहा सेंटच्या मासिकात किंवा खिशात मावणाऱ्या रहस्यकथेत ती मोकळी सुटतात. ज्याला त्या काळातला खरा पूर्वग्रह अभ्यासायचा आहे, त्याला तिथेच जावं लागेल. आणि ज्यांची टवाळी तिथे झाली, त्यांच्या नातवंडांना तो पुरावा हाताशी असण्याचा हक्क आहे.

जागा आणि पैसा नाही, हा तिसरा आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्याच पुस्तकांना लागू पडतो. त्यावर वेगळं काय बोलणार?

घाई मात्र या साहित्यापुरती वेगळी आहे, आणि तिचं कारण कागद. लाकडाच्या लगद्यात लिग्निन हे लाकडातलंच एक द्रव्य राहून जातं, त्यातच कागद बनवताना वापरलेल्या तुरटीसारख्या द्रव्याचं आम्ल. हवा आणि उजेड लागला की पान आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी दुमडल्या जागी मोडतं. चारशे वर्षांपूर्वीच्या पोथीचा हातकागद आज उघडता येतो, पण सत्तर वर्षांपूर्वीची रहस्यकथा उघडताना कोपरे हातात येतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रद्दी जमा करण्याच्या मोहिमांत पल्प मासिकांचे ढीग गेले. आपल्याकडे कोकणातला पाऊस, कसर आणि वाळवी हे काम दरवर्षी करतात. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या हा या पुस्तकांचा मोठा आधार होता. त्या एकापाठोपाठ एक बंद झाल्या. अनुदानित वाचनालयांत पुस्तकांची पडताळणी होते तेव्हा जीर्ण म्हणून बाद करायच्या यादीत सर्वांत आधी हीच पुस्तकं जातात, कारण ती सर्वांत जास्त हाताळली गेलेली असतात. लोकांनी जास्त वाचलं, हाच त्यांच्या नाशाचा आधार व्हावा हे मला सहन होत नाही.

कायदा नाही असंही नाही. १९५४ च्या डिलिव्हरी ऑफ बुक्स कायद्याप्रमाणे देशातल्या प्रत्येक प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वखर्चाने, तीस दिवसांच्या आत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची आहे. त्यात आपलं मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही येतं. कसूर केली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. महिन्याला चार-चार कथा काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाने हे पाळलं नाही तर त्याला जाब विचारायला कोण जाणार होतं? त्यामुळे नेमकी हीच पुस्तकं त्या जाळ्यातून निसटण्याचा धोका सर्वांत जास्त होता. पहिलं काम मला दिसतं ते हे: राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाने मध्यवर्ती ग्रंथालयात १९३० पासूनच्या लोकप्रिय कथापुस्तकांची काय आवक आहे याची सूची करून ती सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवावी. काय आहे ते कळल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही.

त्यानंतर प्रश्न हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५६ संपेपर्यंत खुलं होणार नाही. ज्यांचे वारस कोण हेच ठाऊक नाही अशा टोपणनावाच्या लेखकांचा गुंता तर आणखी मोठा. तोवर तो कागद थांबणार नाही. पण २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात एक वाट ठेवलेली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी करून ठेवता येते, कोणाची परवानगी लागत नाही. अट एकच: मूळ छापील प्रत त्या ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. म्हणजे जीर्ण पुस्तक बाद करून रद्दीत घातलं की ग्रंथालय तो अधिकारही गमावून बसतं. म्हणून माझी मागणी अशी, की कुठल्याही अनुदानित वाचनालयाने १९८० पूर्वीची मराठी कथा-कादंबरी बाद करण्याआधी तिची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे पाठवावी, आणि राज्यात दुसरीकडे प्रत आहे की नाही हे पाहून झाल्याशिवाय, नसल्यास ती स्कॅन झाल्याशिवाय, त्या यादीवर सही होऊ नये. आज दाखल नोंदवहीत अशी शेकडो नावं असतील. त्यांच्यापुढच्या रकान्यात ‘बाद’ असा शेरा पडण्याआधी हा नियम लागू व्हायला हवा.